मग छान, ‘ठ’ कच्चा

नागपुरात सीताबर्डीच्या एका गल्लीत मगावर नाव छापून घेतलं, नातवानं मले हाक मारायचं. ‘आजी’ विहीणबाईंनी नातू व्हायच्या आधीच बळकावलं होतं, ‘नानी’ मले हिंदी वाटते. म्हणून आमच्या घरचं जुनं ‘मोठीआई’ ठरवलं. २५० रुपये, अर्ध्या तासात मग तयार. पाहते तर काय, ‘मोटीआई’! पोरगा म्हणे, “काकू, एवढं कोण पाहते?” मी पाहते नं बाप्पा! कुरकुर न करता दुसरा मग फुकट छापून दिला, हे मात्र मानलं. तीन महिने रोज घासते, अक्षर फिकं पडलं नाही. कान जरा लहान आहे, माझी दोनच बोटं जातात. पहिल्या मगात आता पेनं ठेवते. दीड वर्षाचा नातू मात्र अजूनही ‘मोटी’च म्हणतो.