आयातीचं तेल की घरची ऊर्जा? बडोद्यातून मांडलेला हिशेब

बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीवरून जाताना बाबा दर वेळी सांगायचे, "हे आपल्या अंकलेश्वरच्या तेलासाठी बांधलंय." ते खरंच होतं. अंकलेश्वरला 1960 साली तेल लागलं, तिथल्या पहिल्या विहिरीला 'वसुधारा' नाव मिळालं, आणि 1965 मध्ये सोव्हिएत मदतीने कोयली सुरू झाली. आज कोयलीची क्षमता वर्षाला 137 लाख टन आहे. एवढं तेल आपल्या विहिरी देऊच शकत नाहीत, म्हणून सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर सलायाला जहाजातून उतरलेलं तेल पाइपलाइनने इथवर येतं.

माझा भाचा यंदा पहिल्यांदा मतदान करणार आहे. दांडिया बाजारातल्या घरी जेवताना त्याने विचारलं, "मामा, तेल बाहेरूनच घेत राहायचं की सगळं घरचं करायचं?" त्याच्यासाठी हे लिहितोय. याच प्रश्नावर मत बनवायचं असेल तर तुमच्यासाठीही.

आधी आयातीची बाजू, कारण ती फार लवकर मोडीत काढली जाते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो. आकडा धडकी भरवणारा आहे. पण विकत घेणाऱ्याला दुकान बदलता येतं, हाही त्यातलाच भाग. 2022 च्या आधी रशियाचं तेल आपल्या आयातीत दोन टक्केसुद्धा नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत ते एक तृतीयांशाच्या वर गेलं. आपल्या रिफायनऱ्यांना हलकं-जड, गोड-आंबट (म्हणजे कमी किंवा जास्त गंधकाचं), बरंच काही पचतं, म्हणून हे जमलं. शिवाय आपण नुसतं तेल जाळत नाही, त्याचं डिझेल-पेट्रोल करून परदेशात विकतोही.

मग धोका कुठे आहे? मला तो आईच्या हातातल्या डब्यात दिसतो. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा मी कॉलेजात होतो. पत्र्याचा पाच लिटरचा डबा आणि नरसाळं घेऊन आई रॉकेलच्या रांगेत उभी राहायची. डबा निम्मा भरून आला की वाती खाली करून ठेवायची आणि डाळ सकाळीच भिजत घालायची, म्हणजे संध्याकाळी स्टोव्ह कमी जळेल. तेलाचा भाव दुपटीवर गेला, आखातातून येणारा पैसा आटला, परकीय चलनाची गंगाजळी आधीच तोळामासा होती. 1991 मध्ये देशाला सुमारे 47 टन सोनं परदेशी बँकांकडे गहाण ठेवावं लागलं. लढाई तिकडे आणि तुटवडा आमच्या स्वयंपाकघरात, हे मी विसरलेलो नाही.

आता घरची बाजू. इथे माझं लोकांशी पटत नाही, कारण 'घरची ऊर्जा' म्हटलं की बहुतेकांना घरचं तेल आठवतं. मुंबई हाय 1974 मध्ये सापडलं, राजस्थानातलं मंगला 2004 मध्ये. तरीही देशातलं उत्पादन वर्षाला तीन कोटी टनांच्या आतच आहे आणि खप तेवीस कोटींच्या वर. जुन्या विहिरींतून तेलापेक्षा पाणीच जास्त येतं. शोध चालू ठेवावा, पण त्यावर देशाची भिस्त ठेवू नये.

घरची खरी ताकद विजेत आहे. कोळसा आपण वर्षाला शंभर कोटी टनांच्या वर काढतो आणि बहुतेक वीज त्यावरच होते. त्याचा धूर आणि खाणींखाली गेलेली गावं मी हिशेबाबाहेर ठेवणार नाही. ती किंमत झारखंड-छत्तीसगडातली माणसं भरतात. सूर्याची वीज त्यापेक्षा कितीतरी चांगली. बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर 10 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2015 पासून आहे: वर पॅनेल, खाली सावलीतून वाहणारं पाणी, जमीन एक गुंठाही गेलेली नाही. पण रात्री तो वीज देत नाही. आणि पॅनेलच्या आतले सेल आजही मोठ्या प्रमाणात चीनमधून येतात, हे भाच्याने विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं. फरक एवढाच की आलेलं तेल जळून जातं, आलेलं पॅनेल पंचवीस वर्षं छतावर राहतं. पुरवठा तुटला तर नवं बसणार नाही, बसलेलं बंद पडणार नाही.

मुख्य अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे तेलावर वीज जवळजवळ होतच नाही. म्हणजे कितीही सौर वीज केली तरी तेलाचं एक जहाज कमी होत नाही, जोवर तेलावर चालणारं काम विजेवर येत नाही. रेल्वेने ते करून दाखवलंय. गायकवाडांची डभोई-मियागाम गाडी 1862 मध्ये बैलांनी ओढली होती. आज देशातला जवळजवळ सगळा ब्रॉडगेज विजेवर धावतो. रिक्षा आणि शहरातल्या बसचं असंच होऊ शकतं. लांब पल्ल्याचा ट्रक, ट्रॅक्टर, विमान यांना तेल लागणारच, अजून बरीच वर्षं. इथेनॉलचं मिश्रण 20 टक्क्यांवर आलंय, पण उसाला लागणारं पाणी पाहता मला त्याहून पुढे जावंसं वाटत नाही.

स्वयंपाकघर मात्र आजच बदलता येतं. सिलेंडरमधला निम्म्याहून जास्त गॅस आयात होतो, तोही मुख्यतः आखातातून, होर्मुझच्या चिंचोळ्या वाटेने. आमच्या छतावर तीन किलोवॅटचं सोलर आहे. त्याला केंद्राचं 78,000 रुपये अनुदान मिळतं. चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज होते. दुपारचा वरण-भात इंडक्शनवर होतो. भाकरीला अजून गॅसच लागतो, ती आचेवर फुगल्याशिवाय घरात कुणाला चालत नाही.

म्हणून भाच्याला म्हटलं, मत मागायला येणाऱ्याला दोन गोष्टी विचार. शहरातली वाहनं आणि चुली विजेवर किती वर्षांत आणणार? आणि तोवर साठा किती ठेवणार? विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरच्या भूमिगत साठ्यांची क्षमता 53 लाख टन आहे, सरकारी हिशेबाने देशाच्या जेमतेम साडेनऊ दिवसांच्या गरजेची. तेल कंपन्यांच्या टाक्या धरल्या तर जास्त भरते, पण सरकारच्या हातातलं एवढंच. ही क्षमता महिन्याभराची होईपर्यंत मी तरी आयातीला सुरक्षित म्हणणार नाही.