लेक्चरनंतरची नोंद: वहीत लिहायची की फोनवर बोलायची?

स्टाफरूममध्ये नवीन आलेल्या दोघांनी विचारलं म्हणून लिहितोय. एचओडीची सही लागते त्या टीचर्स डायरीबद्दल नाही हं, तिच्यात 'युनिट २ पूर्ण' यापलीकडे कोण काय लिहितं. स्वतःपुरती नोंद म्हणतोय, आज पोरं कुठे हरवली, आपण कुठे अडकलो, ती.

मी दीड वर्ष फोनवर बोलायचो. ४८ मिनिटांचं लेक्चर संपलं की दुसऱ्या वर्गात पळायचं असतं, जिना उतरता उतरता बोलून टाकणं सोपंच. वैतागही जसाच्या तसा येतो, वहीत तो थंड होतो, हे मान्य.

पण नंतर सापडत नाही हो! एफवायबीकॉमला मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती हलते ते, शिकवताना मी वडापाव घेतला, भाव वाढला की मागणी धाडकन पडते म्हणून. मागून एकजण म्हणाला, 'सर, पाच रुपये वाढले तरी खाणारच, दुसरं परवडतं काय?' वर्ग हसला. संध्याकाळी बोरिवली लोकलमध्ये इमानदारीत रेकॉर्ड केलं, उदाहरण बदलायचं. पुढच्या वर्षी तोच टॉपिक, तोच वडापाव, तेच हसू. नोंद होती की फोनमध्ये, पण 'रेकॉर्डिंग ११७' छाप ढिगात शोधणार कोण, सुट्टीत ऐकत बसलो तर सहा मिनिटांत कामाची वीस सेकंदं आणि बाकी 'पुढील स्टेशन अंधेरी'.

आता दोनशेपानी वही. डाव्या पानावर लेक्चरची टाचणं, उजवं मोकळं, तिथे दोन ओळी: काय फसलं, पुढच्या वेळी काय. झालेल्या अनुभवावर विचार करायचं गिब्जचं १९८८ चं चक्र सहा पायऱ्यांचं आहे, मी खरं सांगतो, दोनच चढतो. पण टॉपिक उघडला की चूक समोर असते. वडापावसमोर लिहिलंय, 'एसी लोकल घे'. मे २०२२ मध्ये तिकीट निम्म्यापर्यंत उतरलं आणि डबे भरले, पोरांनी स्वतः पाहिलंय.

वहीला बॅकअप नाही, एकदा जुलैत अर्धी भिजली. आयक्यूएसीला, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला, दाखवायचं तर फोटो काढत बसा. बोलायचीच सवय असेल तर बोला बापडे, फक्त त्याच दिवशी फाइलला टॉपिकचं नाव द्या. मी दोन महिने दिलं, मग सुटलं, तुमचं कदाचित टिकेल.

आणि वही घेतलीत तर पुठ्ठ्याची घ्या, स्पायरलची पानं बॅगेत डब्याखाली सुटतात.