सीआरएम आपल्या कामात आणताना: वैमानिकांचा कोर्स, आपल्या क्षेत्राचं प्रशिक्षण की नुसती चेकलिस्ट?

रुग्णालय, जहाज किंवा तेलविहीर चालवणाऱ्यांच्या बैठकीत क्रू रिसोर्स मॅनेजमेंटचा, म्हणजे टीममध्ये शंका बोलून दाखवायला आणि ऐकून घ्यायला शिकवणाऱ्या, विमानसेवेतून आलेल्या सीआरएम प्रशिक्षणाचा, विषय निघाला की बहुधा तीन प्रस्ताव पुढे येतात. निवृत्त वैमानिकांना बोलावून एक-दोन दिवसांचा कोर्स करायचा, आपल्या क्षेत्रासाठी बेतलेलं प्रशिक्षण घ्यायचं, किंवा प्रशिक्षण बाजूला ठेवून थेट चेकलिस्ट सुरू करायची. माझं मत आधीच सांगतो: बहुतेक ठिकाणी दुसरा मार्ग बरोबर ठरतो. पण तोही कोर्स संपल्यावरचं वर्षभराचं काम गृहीत धरलं तरच.

सीआरएम कुठल्या दुखण्यावर निघालं ते पाहिलं की निवड सोपी होते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय का, ही शंका केएलएम या डच कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती उडवून लावली आणि विमान धावतच राहिलं. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान चाकांच्या बिघाडात गुंतून सुमारे तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. त्यात १० जण मरण पावले. इंधनाचा उल्लेख सहकाऱ्यांनी केला होता, पण कॅप्टनला थांबवेल इतक्या ठामपणे नाही. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने पहिला सर्वंकष कार्यक्रम सुरू केला. विमान उडवण्याचं कौशल्य कोणाकडेच कमी नव्हतं. हाताखालच्याने बोलायचं कसं आणि वरच्याने ऐकायचं कसं, हे मात्र तोवर कुणी पद्धतशीर शिकवलं नव्हतं.

पहिला पर्याय, वैमानिकांचा तयार कोर्स, आकर्षक असतो. गोष्टी जबरदस्त असतात आणि सांगणारा तुमच्या उतरंडीबाहेरचा असल्याने वरिष्ठही निमूट ऐकतात. अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. कॉकपिटमधले दोघे एकाच व्यवसायाचे, एकाच पद्धतीने घडलेले असतात. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन, भूलतज्ज्ञ आणि नर्स तीन वेगळ्या शिक्षणांतून आलेले असतात आणि त्यांचे वरिष्ठही वेगवेगळे असतात. शिवाय विमान पडलं तर कॅप्टनही जातो, सर्जनच्या जिवाला तसा धोका नसतो. त्यामुळे ‘आमचा पेशंट म्हणजे विमान नव्हे’ हा आक्षेप येतोच, आणि तो पूर्ण चुकीचा नाही.

त्याहून मोठी उणीव अशी की वर्गात दिसतो तो विमानसेवेतल्या व्यवस्थेचा एक तुकडा. तिकडे ठरावीक काळाने उजळणी असते, सिम्युलेटरमध्ये पूर्ण क्रू मिळून बिघाड हाताळतो आणि चूक गोपनीयपणे कळवायची सोय असते. अमेरिकेत अशी सोय, नासा चालवते ती एएसआरएस यंत्रणा, १९७६ पासून आहे. हे सगळं मागे ठेवून फक्त स्लाइड्स आणल्या, तर लोक प्रभावित होऊन घरी जातात आणि सोमवारी पूर्वीसारखेच गप्प बसतात. वरिष्ठांना विषयाचं गांभीर्य पटवायला मी हा कोर्स घेईन. त्यापुढे नाही.

दुसऱ्या पर्यायात मूळ तत्त्वं तीच, पण प्रसंग तुमच्या कामातले. स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड गाबा आणि सहकाऱ्यांनी भूलतज्ज्ञांसाठी हे केलं: पुतळ्यावर उभं केलेलं संकट, खरी टीम आणि नंतर सविस्तर डीब्रीफिंग, म्हणजे काय घडलं यावर एकत्र बोलणं. २००६ मध्ये अमेरिकेत आरोग्यसेवेसाठी टीमस्टेप्स हे टीम प्रशिक्षण आलं. जहाजांवर ब्रिज, म्हणजे जहाज हाकायची खोली, आणि इंजिन रूम, दोन्हीकडचं असं प्रशिक्षण एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सक्तीच्या मानकांत २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनंतर आलं. तिथला खास प्रश्न बंदराच्या पायलटचा, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या स्थानिक जाणकाराचा. तो काही तासांसाठी चढतो, जहाज त्याला नवं आणि ब्रिजवरच्यांना तो नवा. हा प्रसंग विमानाच्या कोर्समध्ये सापडणार नाही.

तेलविहिरींचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या रिगवर स्फोट होऊन ११ जण मेले. त्याआधीच्या दाबचाचणीत ड्रिल पाइपमध्ये दाब दिसत होता, विहिरीशीच जोडलेल्या किल लाइन या दुसऱ्या नळीत नव्हता. हा विसंगत आकडा ‘ब्लॅडर इफेक्ट’ (वरच्या जड द्रवामुळे पाइपमध्ये दिसणारा दाब) म्हणून समजावला गेला, तो मान्य झाला आणि काम पुढे सरकलं. शंका होती, पण काम थांबवण्याइतकी ती कुणी लावून धरली नाही. त्यात रिगवर एकाच वेळी अनेक कंपन्यांची माणसं असतात. २०१४ मध्ये तेल उत्पादकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने विहिरींवरच्या टीमसाठी सीआरएमची स्वतंत्र शिफारस केली, ती अशाच परिस्थितीसाठी.

परिणाम दिसतो का? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा अभ्यास २०१० मध्ये आला. प्रशिक्षण घेतलेल्या ७४ ठिकाणी शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १८ टक्क्यांनी घटले, न घेतलेल्या ३४ ठिकाणी ७ टक्क्यांनी. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे सगळं श्रेय प्रशिक्षणाला देता येणार नाही. पण कार्यक्रमाची रचना बघा: दोन महिने तयारी, एक दिवस एकत्र प्रशिक्षण आणि पुढे वर्षभर दर तिमाहीला पाठपुरावा. प्रशिक्षणाचा दिवस त्यातला सगळ्यात छोटा भाग होता.

तिसरा पर्याय स्वस्त. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया चेकलिस्ट आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरली गेली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. हे निष्कर्ष २००९ चे. २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटॅरिओमधल्या १०१ रुग्णालयांचा हिशेब आला, त्यात लक्षणीय फरक दिसला नाही. तिथे चेकलिस्टच्या वापराची आकडेवारी जाहीर करणं सक्तीचं होतं आणि कागदावर वापर जवळपास पूर्ण होता. अभ्यासाचा काळही छोटा होता, म्हणून त्यावरून चेकलिस्ट निरुपयोगी ठरत नाही. खूण करणं आणि थांबून एकमेकांशी बोलणं यांत अंतर आहे, एवढं मात्र मी त्यातून घेतो.

तुमची टीम रोज बदलत असेल, माणसं वेगवेगळ्या व्यवसायांतली किंवा कंपन्यांतली असतील आणि चूक जीवघेणी असेल, तर दुसरा पर्याय घ्या, महाग पडला तरी. टीम लहान आणि स्थिर असेल, पैसे थोडे असतील, तर तिसऱ्यापासून सुरुवात करा. पण एकाच टीमपुरती, आणि शिफ्ट संपल्यावर पाच मिनिटांच्या डीब्रीफिंगसह. ते डीब्रीफिंग गाळलं तर चेकलिस्ट लवकरच नुसता फॉर्म होते.

प्रशिक्षण विकणाऱ्याला सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. सहा महिन्यांनी प्रत्यक्ष काम बघायला कोण येणार आणि कशाच्या आधारे बघणार? सर्जनसाठी नॉट्स ही वर्तन नोंदवायची पद्धत आहे, तसं तुमच्या कामासाठी त्यांच्याकडे काय आहे? दुसरं, प्रसंग तुमच्याकडच्या घटनांतून रचणार का? आणि तिसरं, विभागप्रमुख कनिष्ठांबरोबर त्याच वर्गात बसणार का? ‘साहेबांसाठी वेगळं सत्र ठेवू’ असं उत्तर आलं, तर दुसरा प्रशिक्षक शोधा.

चौथा प्रश्न तुमच्या व्यवस्थापनासाठी आहे. शंका आली म्हणून कुणी काम थांबवलं आणि शंका खोटी निघाली, तर त्याचं काय होणार? याचं उत्तर लेखी आणि वरिष्ठाच्या सहीने मिळेपर्यंत कोर्सची तारीख ठरवू नका.