नुसती कोलोनोस्कोपी की जोडीला एआय?

सांगलीत काकांच्या तपासणीआधी घरात हाच प्रश्न होता. साध्या कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, तिथले पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेल्या छोट्या गाठी) डॉक्टरांची नजर शोधते. एआय असेल तर दुर्बीण फिरत असतानाच पडद्यावर संशयित जागेभोवती चौकट उमटते, त्यामुळे लहान पॉलिप जास्त सापडतात. अमेरिकेत अशा प्रणालीला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा १० वर्षं लागतात, म्हणून तो आधीच काढणं फार मोलाचं.

पण कॅमेऱ्यासमोर न आलेलं एआयलाही दिसत नाही. आतडं साफ नसेल किंवा दुर्बीण ६ मिनिटांच्या आत घाईने बाहेर काढली, तर चौकट कशाभोवती येणार? मी तरी सावकाश बघणारा डॉक्टर आधी निवडेन; एआय मिळालं तर उत्तमच. काकांना आम्ही आदल्या रात्री जुलाबाचं औषध शेवटच्या घोटापर्यंत प्यायला लावलं.