उद्यमनगरातल्या मशिन शॉपमधे ट्रेलो: वर्षभर वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, मी काय आयटीतला नाही. उद्यमनगरात आमचं छोटं मशिन शॉप आहे, कॉम्प्युटरवर चालणारी तीन मशिनं, म्हणजे दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी, आणि वडलांच्या काळातलं एक रेडियल ड्रिल. फौंड्रीतनं कास्टिंग, म्हणजे ओतीव पार्ट, येतात, आम्ही मशिनिंग करून पुढं देतो. माणसं नऊ. एवढ्याशा धंद्याला ट्रेलोसारखं कामं ट्रॅक करायचं सॉफ्टवेअर कशाला, सगळं डोक्यात असतंय की, हा माझा माज होता.

माज उतरला गेल्याच्या गेल्या दिवाळीत. पंपाच्या केसिंगचा ४० नगांचा लॉट, टर्निंग झालं, ड्रिलिंग झालं आणि भोकात आटे पाडायचा टॅप मोडला. दुसरा टॅप शिल्लक नाही म्हणून पोरानं लॉट भिंतीकडंला लावला आणि दुसऱ्या जॉबला लागला, मला सांगायचं राहिलं. मी आपला रोज फोनवर "होतंय होतंय, उद्या गाडीत घालतो". पाचव्या दिवशी गिऱ्हाइकाचा माणूस शॉपवर येऊन उभारला आणि लॉट त्याच्याच पायाजवळ. काय बोलणार सांगा.

त्याच्याआधी एक ईआरपी, म्हणजे सगळा धंदा एकाच ठिकाणी सांभाळायचं सॉफ्टवेअर, पण घेऊन बघितलेलं, नाव घेत नाही, एक डिलिव्हरी चलन काढायला सात स्क्रीन, तीन महिन्यात सगळे परत वहीवर. मग पुण्यातला चुलतभाऊ म्हणला ट्रेलो बघ, फुकटात चालू होतंय. ते चालू केलं आणि टिकलं.

आहे काय त्यात, तर एक बोर्ड, त्यावर उभ्या लिस्ट, लिस्टमधे एकेका कामाची कार्डं, काम पुढं गेलं की कार्ड बोटानं उचलून पुढच्या लिस्टमधे टाकायचं. संपलं. २०११ ला हे आलं, २०१७ ला अ‍ॅटलासियन कंपनीनं विकत घेतलं, जिरा नावाचं सॉफ्टवेअर पण त्यांचंच. जिरा बघितलं मी, पण ते सॉफ्टवेअरवाल्यांच्या कामाचं, ते एक-दोन आठवड्याच्या कामाच्या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात, आमच्या कास्टिंगला कुठला आलाय स्प्रिंट. गंमत म्हणजे ही कार्डाची कल्पना मुळात कारखान्यातलीच, टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी कानबान आणलं ते पार्टच्या डब्याबरोबर फिरणाऱ्या कार्डासाठी. गाड्यांचे पार्ट करणाऱ्यांना शब्द ओळखीचा असेल. म्हणजे शॉपफ्लोअरवरनं कॉम्प्युटरवाल्यांकडं गेलेली वस्तू फिरून परत आमच्याकडं आली.

आमच्या लिस्ट अशा: पीओ (गिऱ्हाइकाची लेखी ऑर्डर) आली, कास्टिंग आलं, मशिनवर, अडकलंय, इन्स्पेक्शन, गेलं. यातली 'अडकलंय' ही जगात भारी आहे. पहिले दोन महिने ती नव्हतीच, त्यामुळं मशिनवर या एका लिस्टमधे चौदा कार्डं आणि मशिनं चार, काय खरं काय खोटं कळायचं नाही. आता नियम केलाय, काम थांबलं की कार्ड अडकलंयमधे आणि खाली एक ओळ, का थांबलं आणि कुणाकडनं सुटणार. "टॅप नाही, रव्या दुकानात गेलाय." एवढं पुरतंय. सकाळी मी फक्त तीच लिस्ट बघतो, बाकी बोर्ड बघितलंच पाहिजे असं नाही.

आमचे तात्या, सुपरवायझर, वय अठ्ठावन्न, सुरवातीला मोबाईलला हातच लावेनात. "मालक, खडूनं लिहितोय की फळ्यावर, तेवढं बास की." मग एकदा कास्टिंगच्या बोअरमधे (आतल्या गोल भोकात) ब्लो होल, म्हणजे ओतताना हवा अडकून पडलेला खड्डा, निघालं तर त्यांनी कास्टिंगवर खडूनं गोल करून तारीख टाकली, मी त्याचा फोटो कार्डाला जोडला आणि तोच फोटो फौंड्रीला पाठवला, एक शब्द वाद न होता नग बदलून आले. तेव्हापासनं तात्या फोटोवर फोटो टाकाय लागलेत, कधी कधी नुसता अंगठाच दिसतोय.

ड्यू डेटचं बरं आहे, २४ तासावर आलं की पिवळी, उलटली की लाल. फक्त आमची सुट्टी सोमवारची, हे त्याला काय ठाऊक. सोमवारची तारीख पडली की बंद शॉपमधे बोर्ड लाल होऊन बसतंय आणि मी घरात पोहे खाताना मोबाईल वाजतोय. आता तारीख टाकतानाच रविवारची टाकतो. कार्ड कुणी कधी हलवलं याची नोंद आपोआप राहते, त्यामुळं "मी नाही बा, त्यानं केलं" हे बंद झालं, हे काहींना आवडलेलं नाही.

कमी काय आहे? फुकटच्या प्लॅनमधे एका वर्कस्पेसला (म्हणजे एका टीमच्या खात्याला) १० बोर्ड आणि १० माणसं, आम्ही नऊ आणि मी दहावा, म्हणजे काठावर पास. गिऱ्हाइकाचा एखादा माणूस आत घ्यायचा म्हटलं तर आपल्यातला एक काढा नाहीतर पैसे भरा. फाईल १० एमबीच्या आतली पाहिजे, ड्रॉइंगच्या पीडीएफला पुरतंय. टाइमलाइन वगैरे पैशाच्या प्लॅनमधे, मला गरज लागली नाही. आणि नग मोजायचं काम त्याच्याकडनं होत नाही, ४० मधले २२ झाले हे कार्डाच्या नावात हातानं बदलत बसायला लागतंय. स्टॉक, बिल, जीएसटी तर विसराच, त्याला टॅली आहेच.

पाचातले चार देतो. कुणी चालू करणार असाल तर पीओ आल्यापास्नं सगळं घालत बसू नका, आज मशिनवर आहे तेवढंच घाला. आणि बोर्ड बघायचा टॅब मशिनपासनं जरा लांब लावा, कूलंटनं (कटिंग गार ठेवायच्या पाण्यानं) ओल्या हातानं टच चालत नाही, आम्ही कपाटाच्या दाराला लावलाय, खाली दोरीनं एक फडकं बांधून.