मालवणचं स्नॉर्कलिंग: चष्मेवाल्यांनी आधी मास्कची चौकशी करा

दहावीला प्रकाशाचं अपवर्तन शिकवते मी. वाटीतलं नाणं पाणी ओतल्यावर वर आल्यासारखं दिसतं, हा प्रयोग दरवर्षी करते. पण स्वतः पाण्यात डोकं घातलं ते यंदा जानेवारीत, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. होडी, मास्क, लाइफ जॅकेट आणि सोबतीला पोहणारा दादा, माणशी ५०० रुपये.

दादाने प्रत्येकाचा मास्क दोनदा तपासला, कडेखाली अडकलेला एक केससुद्धा काढायला लावला, नाहीतर तिथून पाणी आत शिरतं. हे मला फार आवडलं. पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, अपवर्तनांक (प्रकाश किती वळेल ते ठरवणारा आकडा) सुमारे १.३७६, पाण्याचा १.३३. इतका थोडा फरक, की उघड्या डोळ्यात शिरताना किरण जेमतेम वळतात आणि सगळं धूसर होतं. मास्क डोळ्यापुढे हवा राखतो. तीच गेली तर उरलं काय?

तक्रार एकच, पण मोठी: नंबरचा मास्क त्यांच्याकडे नव्हता. माझा नंबर उणे ४, चष्म्याविना २५ सेंटिमीटरपलीकडचं पुसट. पाण्यात वस्तू पाऊण अंतरावर भासते, म्हणून ३३ सेंटिमीटरपर्यंतचं नीट दिसलं. तेवढ्यात एक काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा मासा अगदी काचेपाशी आला! मी हात पुढे केला, तो कुठच्या कुठे. वर आल्यावर दादा म्हणाला, "बाई, तो दिसता तितको मोठो नाय, नि तितको जवळ पण नाय." माझा अख्खा तास त्याने एका वाक्यात घेतला.

मासे यावेत म्हणून बिस्किटं टाकतात, ते मात्र बंद करावं. न टाकताही मासे होते.

परतताना दादाने सांगितलं, खाली बुडी मारून वर बघितलं की आभाळ परातीएवढं गोल दिसतं, भोवती तळच. हाच तो क्रांतिक कोन, ज्याहून तिरपा किरण पाण्याबाहेर न पडता आत परततो: ४८.६ अंश! क्षितिजापर्यंतचं सगळं आकाश त्याच्या दुप्पट, ९७ अंशांच्या वर्तुळात मावतं, आणि त्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो. हे मी फळ्यावर कितीदा काढलंय, आणि हा माणूस रोज बघतो. लाइफ जॅकेटमुळे मला बुडी मारता आली नाही. पावसाळ्यानंतर पाणी निवळलं की पुन्हा जाणार आहे, नंबरचा मास्क स्वतःचा घेऊन. तोवर कुडाळच्या तलावात बुडी मारायला शिकतेय.