बदामाचा शिक्का आणि 1821 : माझे 1,85,300 रुपये असे गेले

हे लिहू की नको यात तीन महिने गेले. घरात विषय निघाला की मी उठून जातो. पण परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी फोन करून विचारलं, "शंभर वर्षांपूर्वीची चकमकीची बंदूक मिळतेय, पुरातत्त्वची नोंद आहे, परवाना नको म्हणतायत, घेऊ का?" (चकमकीची म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडणारी.) ते ऐकून अंगावर काटा आला. तीच भाषा, तेच शब्द. म्हणून आता सगळं सांगतो, आकड्यांसकट.

आधी माझी बाजू. मी काही नवखा नाही. वडिलांच्या पश्चात रीतसर वारसाने परवाना नावावर करून घेतला आहे. घरात तीन बंदुका होत्या. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच ठेवता येतील असं झालं आणि जादाची वर्षाच्या आत जमा करायला सांगितलं. मी 2020 च्या नोव्हेंबरात आजोबांची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक स्वतःच्या हाताने जमा केली. रानडुकरांसाठी घेतलेली, दस्त्यावर त्यांच्या अंगठ्याने पडलेला खळगा असलेली. ती गेल्यापासून भिंतीवरची खुंटी रिकामी होती. मला लोभ सुटला असं लोक म्हणतात, म्हणोत. मला ती खुंटी भरायची होती.

2024 च्या दसऱ्याच्या आठवड्यात फोन आला. बोलणारा शांत, अदबीने "साहेब" म्हणणारा. एका संस्थानिक घराण्याच्या वाड्यातला माल निघतोय, ईस्ट इंडिया कंपनीची चकमकीची बंदूक आहे, तुम्ही जाणकार म्हणून आधी तुम्हाला विचारतोय. मी म्हणालो, माझ्या परवान्यावर जागा नाही. तर म्हणाला, "लागतच नाही साहेब. फेब्रुवारी 2020 ची अधिसूचना वाचा." मी वाचली. खरंच आहे ती. क्युरिओ, म्हणजे संग्रहात ठेवण्याजोगं जुनं दुर्मीळ, या प्रकारातलं शस्त्र घ्यायला आणि ठेवायला परवाना नको असं त्यात आहे. पुढच्याच वाक्यात, ते वापरायला, घेऊन फिरायला किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायला परवाना लागेल असंही आहे. ते वाक्य मी वाचलं होतं. शपथेवर सांगतो, वाचलं होतं. पण मनात धरलं पहिलंच.

12 ऑक्टोबर, दसरा. 11,000 टोकन यूपीआयने. त्यानंतर 24,500 "पुरातत्त्व नोंदणी व तपासणी फी", तीही यूपीआयने. मग 9,800 "हस्तांतर शुल्क". मोबाईलवर प्रमाणपत्राचा फोटो आला : तीन सिंह, गोल शिक्का, नोंदणी क्रमांक, शिवाय बंदुकीचा "सिरीयल नंबर". तिथेच थांबायला हवं होतं. कंपनीच्या त्या काळातल्या बंदुकांवर आजच्यासारखा अनुक्रमांक नसतो. आणि 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदणीची सक्ती आहे ती मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांना. त्या यादीत बंदूक नाही. मग ही "नोंदणी फी" कसली? कुठल्याही बंदुकीला "पुरातत्त्वची नोंद आहे, म्हणून परवाना माफ" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. दोन वेगळे कायदे आहेत, एकाचा कागद दुसऱ्याला चालत नाही.

27 ऑक्टोबरला, रविवारी, सोलापूर रस्त्यावरच्या एका ढाब्यावर माल ताब्यात घेतला. रोख 1,40,000 दिले. घरातून निघताना बायको म्हणाली होती, "वाड्यातला माल ढाब्यावर कशाला देतायत?" मी तिला उत्तरही दिलं नाही. वर निवडणुकीची आचारसंहिता चालू होती. माझ्या परवान्यावरच्या दोन्ही बंदुका त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात जमा झाल्या होत्या, त्यांची पावती खिशात होती, आणि मी गाडीच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून तिसरी घरी आणत होतो.

आता ती गोष्ट, जी आठवली की झोप उडते.

आमच्या घरी नोंदवही आहे. आजोबांनी 1962 साली सुरू केली. लाल कापडी पाठीचं जाड रजिस्टर. घरात आलेल्या प्रत्येक हत्याराची नोंद : कुणाकडून, कधी, किती रुपयांना, नळीची लांबी, खुणा, दुरुस्ती. त्या रात्री साडेदहाला जेवण उरकून मी ती बंदूक सतरंजीवर ठेवली, बॅटरी लावली आणि शाईच्या पेनाने लिहायला बसलो. "नळी 39 इंच. दस्ता शिसवी. पितळी सामान. लॉकप्लेटवर बदामाच्या आकाराचा शिक्का, चार भाग, आत व्ही ई आय सी अक्षरं, वर चारच्या आकड्यासारखी खूण. त्याच पट्टीवर साल 1821." (लॉकप्लेट म्हणजे घोड्याची यंत्रणा बसवलेली बाजूची धातूची पट्टी.) लिहिलं, टिपकागदाने टिपलं, वही मिटली आणि समाधानाने झोपलो.

कंपनीने तो बदामाचा शिक्का 1808 मध्ये बंद केला. त्यानंतरच्या लॉकवर उभा सिंह असतो, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला. हे मला माहीत होतं. वीस वर्षांपूर्वीपासून माहीत होतं, चार लोकांना मीच समजावून सांगितलं आहे. बदाम आणि 1821 एका पट्टीवर येऊच शकत नाहीत. मी ते दोन्ही एकाच ओळीत, माझ्या अक्षरात लिहिलं आणि माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. दस्ता अक्रोडाचा असायला हवा होता, मी "शिसवी" लिहिलं आणि पुढे गेलो. ती वही आजोबांनी ज्या कामासाठी सुरू केली तेच काम तिने केलं होतं. मी वाचलं नाही, नुसतं लिहिलं.

8 डिसेंबरला संग्रहालयातून निवृत्त झालेले एक स्नेही घरी आले. चहाचा कप खाली न ठेवता त्यांनी लॉकप्लेट पाहिली आणि म्हणाले, "अहो, बदाम आणि एकवीस साल?" नंतर त्यांनी स्क्रू काढला. सगळ्या स्क्रूंचे आटे एकसारखे, कारखान्यातले. नळी आतून गुळगुळीत, अखंड पोलादी पाइप. रंजकाचं, म्हणजे आतली दारू पेटवायचं, भोक नुकतं ड्रिलने पाडलेलं, त्याच्या काठावर धातूची चमक. म्हणजे बंदूक नवी, आणि बार उडवता येण्याजोगी. आता अर्थ लक्षात घ्या. जुनी असती तर क्युरिओचा मुद्दा तरी मांडता आला असता. नवी आहे म्हटल्यावर ती साधी विनापरवाना बंदूक झाली. शस्त्र कायद्याच्या कलम 45 मधली सूट फक्त अशा जुन्या किंवा मोडक्या हत्याराला आहे जे दुरुस्त करूनही झाडता येणार नाही. "शंभर वर्षं झाली की परवाना नको" ही थाप आहे, वय एकट्याने काही सुटत नाही. आणि विनापरवाना बंदुकीला आता किमान 2 वर्षं कैद आहे.

त्याच संध्याकाळी विकणाऱ्याचा मेसेज आला : "परवाना सूट आदेश" तयार आहे, 38,000 पाठवा. ते पाठवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नंबर बंद.

मग मी ते केलं जे सज्जन माणूस करतो. वकिलांशी बोललो आणि पोलीस ठाण्यात गेलो. बंदूक कुठे लपवली नाही, नदीत टाकली नाही, दुसऱ्याच्या गळ्यात मारली नाही. (असा सल्ला देणारेही भेटले, नात्यातले.) अर्ज, यूपीआयच्या पावत्या, प्रमाणपत्राची प्रिंट, नोंदवही, सगळं घेऊन गेलो. पहिला प्रश्न फसवणाऱ्याबद्दल नव्हता. "आचारसंहितेत बंदूक गाडीतून आणली तुम्ही?" दुसरा : "परवानाधारक असून कळलं नाही?" चार तास बाकावर. मग सांगितलं, ढाबा आमच्या हद्दीत नाही. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, ते मी दाखवलं. तर म्हणाले, "कायदा आम्हाला शिकवू नका, हा देवाणघेवाणीचा दिवाणी वाद आहे." बनावट सरकारी शिक्का हा दिवाणी वाद? 1,85,300 रुपये खोट्या कागदावर काढून घेतले हा दिवाणी वाद?

दुसऱ्या कार्यालयात गेलो तर त्यांनी पहिल्याकडे बोट दाखवलं. ज्या खात्याच्या नावाचं प्रमाणपत्र होतं त्या एका कार्यालयात तोंडी म्हणाले, हे आमचं नाही. लेखी द्या म्हटलं तर "अर्ज करा, कळवू". दोन महिने झाले. बँकेत सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत. होय, पाठवले, म्हणून तर फसवणूक म्हणतात! यूपीआयचे 45,300 निदान ऑनलाइन तक्रारीत नोंदवले गेले. 1,40,000 रोखीचं तर कुणी ऐकूनच घेत नाही. रोख देऊ नका. ढाब्यावर, हॉटेलवर, टोलनाक्याजवळ काहीही ताब्यात घेऊ नका. यूपीआयने गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, मी दीड महिन्यानंतर लावला.

शेवटी पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज पाठवला, तेव्हा कुठे गुन्हा नोंदला. त्यात मी फिर्यादी आहे. पण माझ्या मूळ परवान्याचीही "फेरतपासणी" सुरू झाली, आचारसंहिता संपून घरी यायला हव्या होत्या त्या वडिलांच्या बंदुका अजून ठाण्यातच आहेत. फसवणारा मोकळा आहे, बहुधा त्याच आवाजात तो माझ्या ओळखीच्या गृहस्थांशी बोलला.

अजून काही, जसं आठवतंय तसं. खऱ्या परवान्यावरची बंदूक कुणी विकत असेल तर त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याच्या नावासह लेखी कळवून 45 दिवस थांबायचं असतं, "उद्याच घेऊन जा" म्हणणारा खोटा आहे. क्युरिओला परवाना नको म्हणजे नोंद नको असं नाही. उलट विकणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, फोटो हे तुमच्याकडे नसेल तर वस्तू कुठून आली हे तुम्ही कुणालाच सांगू शकणार नाही. माझ्या वहीत विकणाऱ्याच्या रकान्यात आहे "वाड्यातून". फक्त एवढंच. आणि नोंद पैसे देण्याआधी करा, वस्तू समोर ठेवून, दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. लॉकप्लेटचा फोटो विकणारा देत नसेल, "प्रत्यक्ष बघा" म्हणत असेल, तर जाऊ नका.

बंदूक मुद्देमालात जमा झाली, ते अपेक्षितच होतं. पण त्यांनी नोंदवहीही ठेवून घेतली. पुरावा म्हणून. फक्त त्या एका पानाची प्रमाणित प्रत घ्या म्हणून मी विनवलं, ऐकलं नाही. पंचनाम्यात लिहिलंय : "लाल पाठीचे जुने रजिस्टर, नग 1." त्यात आजोबांच्या अक्षरातल्या 1962 पासूनच्या नोंदी आहेत, जमा केलेल्या त्या ठासणीच्या बंदुकीचीही. झेरॉक्स मागायला मी दर सोमवारी जातो. अजून मिळालेली नाही.